वाचक विचारतात : घरकर्जाला सिबिल किती लागते?

या वेळच्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. घर घ्यायचे तर सिबिल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण, किती हवे? नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा टू-बीएचके असो की म्हसरूळचा रो-हाउस, विसार देण्याआधी हाच आकडा विचारला जातो. त्यामुळे सगळे त्यातच आहे, असा समज झाला आहे. आकड्याला महत्त्व आहेच. पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी तेवढे पाहून थांबत नाही, तो अहवालातल्या ओळी वाचतो, आणि फाइल अडते ती बहुधा एखाद्या ओळीपाशी. म्हणून खालच्या उत्तरांत त्या ओळींबद्दलच जास्त लिहिले आहे.

'सिबिल' हा शब्द आम्ही बोलण्यातल्या सवयीने वापरला आहे. पतमाहिती कंपन्या देशात चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँक यांपैकी कोणाचाही अहवाल काढू शकते, आणि चौघींचे आकडे सहसा एकसारखे नसतात.

अंबडच्या कंपनीत नोकरी, हातात ६२ हजार येतात. इंदिरानगरला ५० लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. स्कोअर ७२८. एजंट म्हणतो, ७५०च्या खाली कोणी दारात उभे करत नाही. बाइकचा ३,४०० रुपयांचा हप्ता चालू आहे, एक क्रेडिट कार्ड आहे. ४० लाख मिळतील का?
— इंदिरानगर

एजंटाचे बोलणे अर्धेच खरे आहे. घरकर्जासाठी किमान इतका स्कोअर हवाच, असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. स्कोअर ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि कुठे रेघ मारायची हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. ७५०च्या पुढे फाइल सुरळीत सरकते हे खरे. ७२८ला मात्र दार बंद होत नाही, फक्त व्याज थोडे वाढते. बऱ्याच सरकारी बँका स्कोअरप्रमाणे दराचे टप्पे करतात आणि तो तक्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. शाखेत जाण्याआधी तुमचा टप्पा कोणता आणि वरचा टप्पा किती गुणांवर सुरू होतो, ते पाहून ठेवा.

टप्प्याचा फरक पैशांत किती पडतो? ४० लाख, २० वर्षे. ८ टक्क्यांनी हप्ता ३३,४५८ रुपये, साडेआठ टक्क्यांनी ३४,७१३. महिन्याला १,२५५ रुपये, आणि दर तसाच राहिला तर २४० हप्त्यांत ३ लाखांच्या वर. तेव्हा आकड्याला किंमत आहे.

पण तुमची खरी अडचण स्कोअरची नाही, पगाराची आहे. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत असे बँका पाहतात. कोणी थोडे कमी धरते, कोणी जास्त. तुमच्या बाबतीत निम्मे म्हणजे ३१ हजार. त्यातून बाइकचे ३,४०० गेले की उरले २७,६००. साडेआठ टक्के आणि २० वर्षे धरली तर एवढ्या हप्त्यात साधारण ३१ लाख ८० हजार बसतात. चाळीस नाहीत. बाइकचे कर्ज फेडून टाकले तर हीच रक्कम ३५ लाख ७० हजारांवर जाते. म्हणजे ज्या बाइककडे कोणी पाहतही नाही, तिने जवळजवळ चार लाख अडवून धरले आहेत. उलट, स्कोअर वाढून दर अर्ध्या टक्क्याने उतरला आणि बाइक तशीच राहिली, तर कर्ज वाढेल सव्वा लाखाने. आधी बाइक फेडा. त्याउपर मुदत २५ वर्षे केली तर ३८ लाखांच्या पुढे जाता येईल, पण तेवढी पाच वर्षे व्याज जास्त जाईल हे धरून चाला.

आणखी एक गणित. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँकेला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. पन्नास लाखांच्या फ्लॅटला स्कोअर ८५० असला तरी ४० लाखांच्या वर मिळणार नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत, तो खर्च खिशातूनच. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही.

राहिला ७२८चा प्रश्न. हप्ता कधी चुकला नसेल तर पहिला संशय कार्डावर घ्या. समजा कार्डाची मर्यादा ६० हजार आहे आणि महिन्याला ४५ हजारांची खरेदी होते. बिल तुम्ही तारखेला पूर्ण भरता, तरी अहवालात ७५ टक्के वापर दिसतो, कारण माहिती पाठवण्याच्या दिवशी जी बाकी असेल तीच पुढे जाते. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला जाते, एकदा १५ तारखेची आणि एकदा महिनाअखेरची. अर्ज करण्याआधीचे दोन-तीन महिने बिलाची वाट न पाहता या दोन तारखांच्या आत पैसे भरा आणि बाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली, म्हणजे तुमच्या बाबतीत १८ हजारांखाली ठेवा. स्कोअर हलायला एवढे बहुतेक वेळा पुरते. जुने कार्ड मात्र या भरात बंद करू नका. त्याने मर्यादाही कमी होते आणि जुना पतइतिहासही.

निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलींच्या शिक्षणासाठी आडगावकडे घर घ्यायचे आहे. सोसायटीच्या पीककर्जाशिवाय आयुष्यात कर्ज घेतले नाही. बँकेत सिबिल काढले तर उणे १ आले. शून्याच्याही खाली, म्हणजे इतके वाईट?
— निफाड

वाईट नाही, कोरे आहे. उणे १ किंवा 'एनएच' याचा अर्थ एवढाच, की तुमच्याबद्दल गुण देण्याजोगी नोंद कंपनीकडे नाही. गावातल्या विकास सोसायटीचे किंवा पतसंस्थेचे व्यवहार या अहवालात बहुधा दिसत नाहीत. वीस वर्षे वेळेवर भरणाऱ्याचेही पान कोरे राहते ते यामुळे.

पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही हे स्पष्ट केले. पण नीट वाचा, 'केवळ त्या कारणाने' फेटाळू नये असे आहे. परतफेड कशातून होणार हे बँक पाहणारच, आणि बागाइतदाराच्या फाइलमध्ये कच्चा दुवा तोच असतो. शिवारात माल दिला, व्यापाऱ्याने निम्मे रोख आणि निम्मे पुढच्या महिन्यात दिले, तर उत्पन्न दहा लाख असूनही खात्यावर तीनच दिसतात. येत्या हंगामात पैसे चेकने किंवा खात्यावरच घ्या. बाजार समितीत माल गेला असेल तर विक्रीच्या हिशेबपट्ट्या जपून ठेवा. सातबारावर द्राक्षाची नोंद चालू पीकपाहणीत आली आहे का ते बघा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्रात दाखवता येते. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे जोडलेली फाइल अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो. सोसायटीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे नाही असे पत्र, घ्या. सिबिलमध्ये जे दिसत नाही ते या कागदावर दिसते.

हातात सहा-आठ महिने असतील तर कोऱ्या पानावर दोन ओळी लिहून घेता येतात. पंचवीस-तीस हजारांच्या मुदत ठेवीवर बँक क्रेडिट कार्ड देते. महिन्याला खताचे किंवा डिझेलचे दोन-चार हजार त्यावर घाला आणि पूर्ण बिल भरत राहा. साधारण सहा महिन्यांत गुण पडू लागतात. बँकेतल्या सोनेतारण कर्जाचीही नोंद होते, पण मुदतीत सोडवले तरच ती उपयोगाची.

२०१७ किंवा २०१९च्या कर्जमाफीत तुमचे खाते असेल तर चारही कंपन्यांचे अहवाल काढून पाहा. माफ झालेले खाते कुठे 'बंद' ऐवजी 'निर्लेखित' (बुडीत म्हणून काढलेले) किंवा 'तडजोड' असे पडलेले असू शकते. तसे असेल तर बँकेकडून पत्र घेऊन दुरुस्त करावे लागते, त्याची रीत पुढे दिली आहे. आणि पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका असे राज्य सरकारने बँकांना बजावले आहे ते पीककर्जापुरते. त्याचे कात्रण घेऊन घरकर्जाच्या टेबलावर भांडू नका.

२०२१ मध्ये नोकरी गेली, क्रेडिट कार्डाचे ८४ हजार थकले. वसुलीवाल्यांनी ३५ हजारांत 'सेटल' करून दिले, पत्रही दिले. आज स्कोअर ७६१ आहे, तरी एका बँकेने फाइल परत केली. असे कसे?
— सिडको

याच पत्रासाठी आम्ही वर ओळींचे एवढे सांगितले. गुण काढताना अलीकडच्या वागणुकीला जास्त वजन असते. गेल्या चार वर्षांत तुम्ही सगळे वेळेवर भरले, म्हणून आकडा वर आला. ती ओळ मात्र जागेवरच आहे.

अहवाल उघडा आणि त्या कार्डाच्या खात्यावर या. स्थितीच्या रकान्यात 'सेटल्ड' लिहिलेले असेल आणि जवळच सोडून दिलेली रक्कम असेल, तुमच्या बाबतीत ४९ हजारांच्या आसपास. खाली चौकटींची पट्टी दिसेल. एकेका चौकटीत महिना-वर्ष आणि त्याखाली तीन अंक, अशा जास्तीत जास्त ३६ महिन्यांच्या. '०००' म्हणजे त्या महिन्यात काही थकले नव्हते. '०३०' म्हणजे हप्ता ३० दिवस उशिरा. 'एसटीडी' असेल तर खाते नियमित. तीन फुल्या म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही, त्याला घाबरायचे कारण नाही. ९० दिवसांच्या पुढे गेले की खाते थकीत, ज्याला बँका एनपीए म्हणतात. तुमच्या पट्टीत २०२१चे ०३०, ०६०, ०९० असे चढत गेलेले आकडे असणार. घरकर्जाचा अधिकारी ही पट्टी बोट ठेवून वाचतो, कारण त्याला वीस वर्षांचा व्यवहार करायचा आहे.

वसुलीवाल्यांच्या तोंडी 'सेटल' म्हणजे मिटले. अहवालाच्या भाषेत त्याचा अर्थ 'पूर्ण दिले नाही'. एवढा फरक त्या वेळी कोणी समजावून सांगत नाही.

उपाय आहे, स्वस्त नाही. कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी विचारा, उरलेली रक्कम नेमकी किती, त्यात मुद्दल किती आणि व्याज-दंड किती, आणि ती भरल्यावर खाते 'बंद' असे कळवाल का. हे उत्तर लेखी येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. व्याजावर घासाघीस करता येते, मुद्दलावर अवघड. पैसे बँकेच्याच खात्यात भरा, कोणाच्या यूपीआयवर नाही. नंतर बेबाकी पत्र घ्या, महिन्याने नवा अहवाल काढून ओळ बदलली का ते पाहा आणि मगच घरकर्जाचा अर्ज करा. पट्टीतले जुने आकडे पुसले जाणार नाहीत, ही माहिती किमान सात वर्षे ठेवली जाते. तरी 'बंद' लिहिलेल्या खात्याच्या जुन्या उशिराचे कारण सांगता येते. नोकरी गेल्याचे पत्र असेल तर अर्जासोबत जोडा.

सारखे सिबिल बघितले की ते कमी होते का?
— सातपूर

तुम्ही स्वतः पाहिले तर नाही. कितीही वेळा पाहा. चारही कंपन्यांकडून दर वर्षी एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, १ जानेवारी २०१७ पासून. तीन महिन्यांच्या अंतराने एकेकीचा काढला की वर्षभर लक्ष राहते.

गुण कमी होतात ते कर्ज देणाऱ्याने चौकशी केली की. एका चौकशीने फारसे बिघडत नाही. घोळ होतो तो एजंटच्या हाती कागद दिल्यावर. 'कुठे तरी लागेल' म्हणून तो एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी फाइल टाकतो आणि सहाव्या बँकेला पाच ताज्या चौकश्या दिसतात. कुठे फाइल टाकायची ते तुम्ही ठरवा, दोनच नावे द्या. आता कोणी अहवाल काढला की मोबाइलवर संदेश येतो, तो वाचत जा.

माझा स्कोअर ७९०, पत्नीचा ६१०. फ्लॅट दोघांच्या नावे घ्यायचा आहे.
— पंचवटी

घराचा सहमालक हा सहकर्जदारही असावा, अशी बहुतेक बँकांची अट असते. मग दोघांचेही अहवाल निघतात आणि दर सहसा कमी आकड्यावर ठरतो. पत्नीचे नाव काढून टाका असा सल्ला तुम्हाला मिळेलच. बँकेच्या दृष्टीने तो सोपा आहे, घराच्या दृष्टीने आम्हाला पटत नाही. आधी ६१०चे कारण शोधा. मोबाइल किंवा मिक्सर हप्त्याने घेतला, बँक खाते बदलले, शेवटचे दोन हप्ते बाउन्स झाले आणि ते कोणाच्या लक्षातच राहिले नाही, असे फार होते. 'शून्य टक्के' हप्त्यांवरची वस्तू म्हणजेही फायनान्स कंपनीचे कर्जच. कारण असे किरकोळ असेल तर बाकी भरून दोन-तीन महिने थांबा.

मुद्रांक शुल्कातली एक टक्क्याची महिला सवलत दोघांच्या नावावर मिळत नाही, ती खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तरच. तेव्हा ते गणित या निर्णयात आणू नका.

साडूच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिलो. त्याचे चार हप्ते थकले आहेत. मी एक पैसा घेतलेला नाही. मला घरकर्ज मिळेल ना?
— नाशिकरोड

सध्या तरी अवघड आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते खाते तुमच्या अहवालात 'जामीनदार' म्हणून दिसते आणि त्याची थकबाकीही. चार हप्ते म्हणजे ९० दिवस उलटले, खाते थकीत झाले असणार.

मध्येच जामीन काढून घेता येत नाही. बँक दुसरा जामीनदार किंवा तारण मान्य करील तरच सुटका. त्यामुळे व्यवहारी रस्ता एकच : घरकर्ज खरोखर हवे असेल तर थकलेले हप्ते कोणीतरी भरायला हवेत, वेळ पडली तर तुम्हीच, आणि साडूकडून तसे लिहून घ्या. थकीत खाते नियमित व्हायला सगळी थकबाकी भरावी लागते, एखादा हप्ता टाकून भागत नाही. खाते नियमित झाले तरी काही बँका त्या हप्त्याचा काही भाग तुमच्या हप्त्यांच्या मर्यादेत धरतात, हे अर्जाआधी विचारून घ्या. नात्यातली गोष्ट कशी बोलायची हे तुम्हीच चांगले जाणता.

दुचाकीचे कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटले, एनओसी आहे, आरटीओत बोजाही उतरवला. सिबिलमध्ये ते अजून चालू दिसते आणि ७१२ रुपये थकीत. शिवाय एक कर्ज माझे नाहीच.
— सिन्नर

दोन्ही दुरुस्त होतात, पण दोन वेगळ्या तक्रारी करा.

७१२ रुपये बहुधा एखाद्या बाउन्सचा दंड असावा, शेवटचा हप्ता भरताना राहून गेलेला. आकडा क्षुल्लक, पण खाते उघडे राहिले की दिवस वाढत जातात आणि पट्टीत तीन वर्षांची थकबाकी उमटते. एनओसी दिली म्हणजे कंपनीने येणे नाही असे कबूल केले आहे. तीच जोडा.

ज्या कंपनीचा अहवाल चुकीचा आहे तिच्या संकेतस्थळावर खाते उघडून त्या ओळीपुढे वाद नोंदवा. अहवालावरचा कंट्रोल नंबर लागतो. 'रक्कम चूक', 'खाते बंद झाले आहे', 'खाते माझे नाही' असे पर्याय येतात, त्यातला अचूक निवडा. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागालाही ईमेल करा. हे महत्त्वाचे, कारण पतमाहिती कंपनी मनाने काही बदलत नाही, मूळ कंपनीने कळवले तरच बदलते. दोन्ही तक्रारींचे क्रमांक आणि तारखा लिहून ठेवा.

मूळ कंपनीने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची आणि सगळे मिळून ३० दिवसांत निपटायचे, असा नियम आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. २६ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. तीस दिवस होऊनही काही झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. माहिती हवी असल्यास १४४४८ वर विचारा.

तुमचे नसलेले कर्ज दोन प्रकारचे असू शकते. नाव आणि जन्मतारीख जुळून दुसऱ्याचे खाते चिकटले असेल, तर पॅन आणि पत्ता ताडून पाहिला की लगेच कळते. पण पॅन तुमचाच असेल तर कोणीतरी तुमच्या कागदांवर कर्ज उचलले आहे. मग वादासोबत सायबर पोलिसांकडे तक्रार करून तिची प्रत जोडा.

'पाच हजारांत सिबिल दुरुस्त' अशा पाट्या शहरात दिसतात. ते लोक हाच अर्ज भरतात, जो तुम्ही फुकट भरू शकता. खरी ओळ कोणालाच पुसता येत नाही.

कर्ज मंजूर झाले, पत्र हातात आहे. इमारतीचा चौथा स्लॅब चालू आहे. दसऱ्याला गाडी घ्यावी का?
— पाथर्डी फाटा

रोखीने घेत असाल तर घ्या. कर्जाने घेणार असाल तर थांबा. मंजुरीपत्राला मुदत असते आणि पैसे सोडण्याआधी बँक पुन्हा अहवाल काढू शकते. तुमच्या इमारतीला पैसे स्लॅबप्रमाणे टप्प्याटप्प्याने जाणार आहेत. मध्ये गाडीचा १२ हजारांचा हप्ता उगवला तर बँक उरलेली रक्कम कमी करू शकते आणि बिल्डरची मागणीपत्रे काही थांबत नाहीत. मिळालेल्या रकमेवर दरमहा जे व्याज भरावे लागते तेही वेळेवर भरा. तो पूर्ण हप्ता नसला तरी पट्टीत दिसतोच. पगार ७ तारखेला होत असेल तर हप्त्याची तारीख ५ ठेवू नका, १० मागून घ्या.

२०२२ मध्ये घरकर्ज घेतले तेव्हा स्कोअर ७०५ होता. आता ८१२ आहे. व्याज कमी करून मिळते का?
— गंगापूर रोड

आपोआप नाही. मागावे लागते. १ ऑक्टोबर २०१९ नंतरचे बँकेचे तरते, म्हणजे बदलत्या व्याजाचे, घरकर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी) बांधलेले असते. रेपो खाली आला की तो भाग उतरतो. त्यावरची बँकेची वाढ मात्र तशीच राहते, आणि ७०५मुळे ती तुमच्या वेळी जास्त लावलेली असणार. पूर्वी या वाढीतले काही भाग तीन वर्षांत एकदाच बदलता येत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेला ते त्याआधीही कमी करण्याची मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही.

आजच्या नव्या ग्राहकाला तुमच्या स्कोअरला काय दर आहे तो तक्ता छापून घ्या, ताजा अहवाल जोडा आणि शाखेत दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. बदलाची फी विचारा. दर आणि सगळे खर्च वार्षिक टक्क्यांत एकत्र दाखवणारे पत्रक दुसऱ्या एका बँकेकडून घ्या, नव्या कर्जासाठी ते देणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहे. ते टेबलावर ठेवले की बोलणे लवकर संपते. तरी बँक हलली नाही तर कर्ज दुसरीकडे न्या. वैयक्तिक तरत्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. जुन्या बँकेने पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आहेत आणि तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. कर्ज घेताना कोणकोणते कागद जमा केले त्याची यादी २०२२च्या फाइलमध्ये असेल. ती आधी शोधून ठेवा, म्हणजे साठेखताची मूळ प्रत आणि नोंदणीची पावती परत आली की नाही हे ताडून घेता येईल.